वाऱ्याची बाजू

टोरोंटोच्या घराच्या खिडकीबाहेर जानेवारीतला बर्फ अखंड पडत असता, स्वयंपाकघरातील मेजावर मी कॅरिबियन समुद्राचा मोठा नकाशा पसरला, त्याच्या चारी कोपऱ्यांवर चहाचे पेले ठेवले, आणि मुलाला म्हटले की या खेपेस बेट मी निवडीन. आयुष्यभर रत्नागिरीच्या शाळेत भूगोल शिकविला, नकाशावरून मुलांना जगाच्या कानाकोपऱ्यांत फिरविले. तेव्हा हे काम माझ्याकडे येणे स्वाभाविकच होते. मुलाने ते विनातक्रार माझ्या स्वाधीन केले, कारण मागल्या वर्षीचा अनुभव घरातील कोणीही विसरले नव्हते.

मागल्या वर्षी, जुलै महिन्यात, मुलगा, सून आणि नात ही मंडळी कॅरिबियनमधल्या एका पूर्वाभिमुख किनाऱ्यावर आठवडाभराचा मुक्काम ठरवून गेली होती. सगळे पैसे आगाऊ भरलेले, छायाचित्रात वाळू शुभ्र आणि पाणी नीलमण्यासारखे. प्रत्यक्षात पोहोचल्यावर पाहतात तो किनारभर गुडघ्याएवढ्या उंचीचा तपकिरी शैवालाचा बांध लागलेला, तो उन्हात कुजत असलेला, आणि सडक्या अंड्यांसारखा त्याचा दर्प खोलीच्या बंद खिडक्यांतूनही आत येत असलेला. माझी सात वर्षांची नात त्या आठवड्यात एकदाही समुद्रात उतरली नाही. हे शैवाल म्हणजे सारगॅसम. वाटाण्याएवढ्या हवेच्या फुग्यांवर ते पाण्यात तरंगते, त्याला मूळ नाही. पूर्वी ते प्रामुख्याने उत्तर अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात आढळे. परंतु २०११ पासून पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंतच्या उष्ण पट्ट्यात त्याची प्रचंड वाढ बहुतेक दरवर्षी होऊ लागली आहे, आणि वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत वारा व प्रवाह त्याला ढकलीत नेऊन बेटांच्या पूर्व किनाऱ्यांवर टाकतात. छायाचित्र खोटे नव्हते. ते निराळ्या महिन्यात काढलेले होते, इतकेच. आणि ही गोष्ट सांगण्याची तसदी त्या हॉटेलाने घेतली नव्हती.

कोकणात वाढलेल्या माणसाला एक प्रश्न कधी पडतच नाही, तो हा की समुद्र कोणत्या बाजूचा. आमचा समुद्र पश्चिमेला. सूर्य त्यात बुडतो, पाऊस त्यावरून येतो, आणि मालवणपासून डहाणूपर्यंत कोठेही उभे राहिले तरी ही दिशा बदलत नाही. बेटाचे तसे नसते. बेटाला चहूंकडून समुद्र असतो आणि प्रत्येक बाजूचा समुद्र निराळ्या स्वभावाचा असतो. कॅरिबियनमध्ये हा स्वभाव ठरवितात ते व्यापारी वारे. हे वारे ईशान्येकडून आणि पूर्वेकडून, वर्षाचे बहुतेक दिवस, जवळजवळ एकाच दिशेने वाहतात. म्हणून प्रत्येक बेटाची एक बाजू वाताभिमुख आणि दुसरी वातविन्मुख होते. बार्बाडोसची लांबी अवघी चौतीस किलोमीटर. पण त्याच्या पूर्व अंगाला बॅथशिबा येथे अटलांटिकच्या लाटा अशा फुटतात की तेथे पोहण्याचा विचार सुज्ञ माणूस करीत नाही, आणि तेथून मोटारीने तासाभराच्या आत पश्चिम किनाऱ्यावर यावे तर पाणी तळ्यासारखे निवांत, लहान मुलाने कमरेइतक्या पाण्यात निर्धास्त उभे राहावे असे. बेटाचे नाव दोहींकडे एकच. ‘बार्बाडोस चांगले का?’ हा प्रश्न म्हणूनच मला अपुरा वाटतो. बार्बाडोसची कोणती बाजू, आणि कोणत्या महिन्यात, एवढे जोडले म्हणजे त्याला उत्तर देता येते.

मग वाळूचा विचार आला, आणि तेथे मला माझ्या वर्गातील मुले आठवली. रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्याला लोक काळा समुद्र म्हणतात आणि पलीकडे मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र. एकाच गावात दोन रंगांची वाळू, आणि दरवर्षी कोणीतरी मूल हात वर करून तिचे कारण विचारीच. कॅरिबियनमध्ये हाच भेद बेटाबेटांत पडलेला आहे. डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट, मॉन्टसेराट ही ज्वालामुखीने उभारलेली बेटे. त्यांची वाळू बहुशः काळी वा करडी, आणि ज्वालामुखीही पुरता निजलेला नाही. मॉन्टसेराटवर १९९५ साली सुरू झालेल्या उद्रेकाने प्लिमथ ही राजधानीच राखेखाली गाडली गेली, सेंट व्हिन्सेंटचा पर्वत २०२१ मध्ये पुन्हा जागा झाला. उलट अँग्विला, बार्बुडा यांसारखी बेटे चुनखडकाची, सखल. तेथील वाळू पांढरी, कारण ती प्रवाळ आणि शंखशिंपल्यांचे पीठ आहे. तिच्यातला बराच भाग पोपटमाशाने दळलेला असतो: हा मासा आपल्या चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडून खातो आणि पचन झाल्यावर उरलेला चुना बारीक वाळूच्या रूपाने बाहेर टाकतो. हे ऐकल्यावर माझी नात बराच वेळ काही बोलली नाही, आणि नंतर तिने पेन्सिलीने नकाशाच्या कडेला एक मासा काढला. तो अजून तेथे आहे.

डॉमिनिकावर माझे मन बराच काळ रेंगाळले. नद्या, धबधबे, डोंगर, अरण्य. पण ज्यांना आठवडाभर मुलासह वाळूवर बसायचे आहे त्यांच्यासाठी ते बेट नव्हे, आणि ज्या कामासाठी जायचे त्याच कामाची जागा निवडावी, म्हणून ते दुसऱ्या एखाद्या खेपेसाठी राखून ठेवले.

महिन्याचा प्रश्न आमच्यापुरता सुटलेला होता. नातीच्या शाळेची सुटी मार्चात. पण वाचकांपैकी ज्यांना उन्हाळ्यातच रजा मिळते त्यांच्यासाठी इतके सांगणे अवश्य आहे की १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ मानतात आणि त्यातला सर्वांत कठीण भाग ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंतचा. हंगामाच्या आरंभीही निर्धास्त राहता येत नाही: २०२४ च्या १ जुलैलाच बेरिल या वादळाने ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटाची दैना केली. आमच्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात लोटीत नाहीत. त्या शिरस्त्यामागे जे शहाणपण आहे तेच येथेही लागू आहे. दक्षिणेकडील अरूबा, बॉनेर, क्युरासाओ ही बेटे वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर पडतात. तेथे पाऊस थोडा, निवडुंग फार, आणि वारा असा एकदिश की अरूबाची दिवी-दिवी झाडे नैर्ऋत्येकडे वाकून तशीच वाढलेली आहेत. बॉनेर तर पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांचे तीर्थच. मात्र त्याचा किनारा पुष्कळ ठिकाणी वाळूचा नसून प्रवाळाच्या तुकड्यांचा आहे.

यानंतर कागदपत्रे. मुलगा, सून आणि नात कॅनडाचे नागरिक, माझ्याजवळ भारताचे पारपत्र. तेव्हा मार्टिनिक व ग्वादलूप ही फ्रान्सची, पोर्तो रिको हे अमेरिकेचे, आणि अमेरिकेत विमान बदलून जाण्याचे मार्ग, हे सर्व माझ्यापुरते निराळ्या परवान्यांच्या दप्तरात जाऊन पडले. बार्बाडोस आणि त्रिनिदाद-टोबॅगो येथे अल्प मुदतीच्या पर्यटनासाठी भारतीय पारपत्राला आगाऊ व्हिसा लागत नाही, आणि टोरोंटोहून दोन्हींकडे थेट विमान आहे. शेवटी मेजावर हीच दोन नावे उरली.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. त्रिनिदादमधील पोर्ट ऑफ स्पेन हे नाव माझ्या पिढीला केवळ शहराचे नाव नाही. १९७१ साली अजित वाडेकरांच्या भारतीय क्रिकेट संघाने तेथे वेस्ट इंडीजला प्रथमच हरविले, सुनील गावसकरांनी आपला पहिला कसोटी सामना तेथेच खेळला आणि चार सामन्यांत ७७४ धावा केल्या. पाच वर्षांनी त्याच मैदानावर चौथ्या डावात ४ बाद ४०६ करून आपण पुन्हा जिंकलो. शाळकरी वयात वर्तमानपत्राच्या कात्रणांतून ज्या गावाची ओळख झाली ते डोळ्यांनी पाहावे, ही इच्छा माझ्या निवडीत होती, आणि ती मी घरच्यांपासून लपविली नाही. तथापि निर्णय तिच्यावर सोडला नाही. बार्बाडोसच्या पश्चिम किनाऱ्याचे भाडे त्या ऐन हंगामात आमच्या तरतुदीबाहेर गेले. आणि त्रिनिदादचा समुद्र ओरिनोको नदीच्या गाळाने गढूळ होत असला तरी टोबॅगो त्यापासून पुष्कळच दूर आहे, शिवाय मार्च हा तेथील कोरड्या ऋतूचा महिना. एक शंका मात्र उरली. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमध्ये, हजारो किलोमीटर दूर, वादळे होतात. त्यांनी उठविलेल्या लांब लाटा वारा नसतानाही वातविन्मुख किनाऱ्यावर येऊन आदळतात, आणि ही गोष्ट कोणत्याही जाहिरातीत सांगितलेली नसते.

म्हणून आम्ही दोन ठिकाणी पत्रे पाठविली. एकीकडून उत्तरादाखल बारा छायाचित्रे आली. दुसरे उत्तर टोबॅगोच्या वायव्य किनाऱ्यावरील कास्तारा या कोळ्यांच्या गावातून, चार खोल्या भाड्याने देणाऱ्या एका बाईंचे होते. मार्चात आठवड्यातून एकदोन दिवस उत्तरेचे पाणी येते, त्या दिवशी मुलीला समुद्रात सोडू नका. एरवी सकाळी समुद्र शांत असतो. उपसागराच्या एका टोकाला खडकांचा आडोसा आहे, तेथे लहान मुले पोहतात. आणि पहाटे जाळे ओढले जाते तेव्हा दोरांच्या मधे उभे राहू नका. इतकेच त्या बाईंनी लिहिले होते. मी ते पत्र दोनदा वाचले आणि मुलाला पैसे भरण्यास सांगितले.

पोर्ट ऑफ स्पेनहून टोबॅगोचे विमान अर्ध्या तासाच्या आतच पोहोचते; तेथून कास्तारापर्यंतचा रस्ता डोंगरातून, वळणावळणांचा, आंबा आणि बांबूच्या सावलीतला. पहिल्या संध्याकाळी मी भरतीची रेषा शोधली आणि ती सापडेना, कारण भरती-ओहोटीतले अंतर तेथे जेमतेम मीटरभर. आमच्याकडील उधाणाला सरावलेल्या डोळ्यांना तो समुद्र जागचा हलतच नाही असे वाटते. तिसऱ्या दिवशी उत्तरेचे पाणी आले. आकाश निरभ्र, माडांची झावळीही हलत नव्हती, आणि तरीही लांबच लांब, जड, संथ लाटा येऊन वाळू खरवडीत परत जात होत्या. कोळ्यांनी होड्या वर ओढून ठेवल्या होत्या. नात वाळूवर बसून राहिली, आणि बाईंच्या पत्रातले वाक्य सूनबाईंनी तिला वाचून दाखविले.

पाचव्या दिवशी पहाटे शंख फुंकल्याचा आवाज आला. खाली जाऊन पाहतो तो साक्षात रापण! होडीने उपसागराला वळसा घालून जाळे टाकलेले, त्याची दोन टोके किनाऱ्यावर, आणि प्रत्येक दोराला पंधरावीस माणसे: म्हातारे, पोरे, दोन बायका, एक पाहुणा. तारकर्लीला आणि देवबागला लहानपणी जे पाहिले तेच, फक्त माणसे निराळी आणि हाळी निराळ्या भाषेतली. मी चपला काढून दोर धरला. जाळे वर येण्यास तासाहून अधिक वेळ लागला. मासळीची वाटणी वाळूवरच झाली, आणि हात लावणाऱ्या प्रत्येकास काहीतरी मिळावे या तेथील रिवाजाप्रमाणे माझ्याही हातावर दोन मासे ठेवण्यात आले. सूनबाईंनी ते त्याच दुपारी तळले.

वाचकांपैकी जे कोणी या बेटांकडे जाण्याचा बेत करीत असतील त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे, की पैसे भरण्यापूर्वी यजमानास स्वतः पत्र लिहावे, आपला किनारा कोणत्या दिशेस तोंड करून आहे आणि गेल्या आठवड्यात तेथील पाणी कसे होते एवढेच विचारावे, आणि त्याचे उत्तर शब्दांत मागावे, छायाचित्रांत नव्हे.