तपासणी झाली, पुढे काय?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरचं जगभर मानलं गेलेलं एक संशोधन आपल्या खेड्यांत झालं. १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांचा अभ्यास झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होतं. २००९ मध्ये निष्कर्ष आला: एचपीव्ही या विषाणूची चाचणी एकदाच केली, तरी या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात.

तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या जेमतेम दोघींनी कधीतरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी करून घेतलेली आढळली.

चाचणी उपयोगी आहे का, हा प्रश्न सुटला. यवतमाळसाठी उरलेला प्रश्न वेगळा आहे. सरकारी तपासणीत नर्स गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावते, मिनिटभर थांबते आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहते. डाग दिसला, तर ती बाई पुढच्या दवाखान्यात पोचते का? किती जणी मधेच गळतात, आणि कुठे? माझ्या मते इथला पहिला अभ्यास याच गळतीचा हवा.

कापूस वेचणीच्या दिवसांत कोणती मजूर बाई रोज बुडवून तालुक्याला जाईल? स्वतःच नमुना घेण्याची एचपीव्ही चाचणी झरी-जामणीच्या कोलाम पोडांवर, पुसदकडच्या बंजारा तांड्यांवर चालेल का? कोलामी आणि गोरमाटीत तिची माहिती कोण सांगणार? डाग जाळून टाकणारं छोटं उपकरण गावातच नेलं, तर तपासणी आणि उपचार एकाच दिवशी उरकतील का? आशाताईंना विचारल्याशिवाय यातलं काहीच नीट कळणार नाही.

रोग वाढल्यावरचं रेडिएशन साधारण पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस असतं. शिवाय आतून द्यायचं रेडिएशन वेगळं. सरकारी योजनेतून उपचार झाले, तरी नागपूरला राहण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी घरावरच पडते. उपचार अर्धवट किती जणी सोडतात, याची गावनिहाय नोंद हवी. शेजारच्या वर्ध्यात सेवाग्रामची कॅन्सर नोंदणी आहेच.

यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाने हे काम हाती घ्यावं. आणि तिशी ओलांडलेल्या बायांनो, त्रास नसला तरी तपासून घ्या. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त दिसलं, तर वेचणी संपायची वाट पाहू नका.