भिंतीवरच्या तसबिरींचा वाद

महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु ज्यांनी त्या मुक्ततेविरुद्ध शस्त्र उचलले, त्यांच्या तसबिरी तेथील सरकारी इमारतींत पुढे कित्येक वर्षे मानाने झळकत होत्या. विद्यार्थी बंधु-भगिनींना या वादाची ओळख व्हावी म्हणून हा लेखनप्रपंच.

दक्षिणेकडील अकरा राज्यांनी संघराज्यातून फुटून 'कॉन्फेडरसी' नावाचे वेगळे सरकार स्थापिले. जेफरसन डेव्हिस त्याचे अध्यक्ष. उपाध्यक्ष स्टीफन्स यांनी मार्च १८६१ च्या भाषणात, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हीच आमच्या राज्याची कोनशिला, असे उघड सांगितले होते. तेव्हा हा लढा केवळ राज्यांच्या हक्कांचा होता, हे म्हणणे आम्हास पटत नाही.

जून २०२० मध्ये प्रतिनिधीगृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांनी हंटर, कॉब, ऑर व क्रिस्प या चार माजी सभापतींच्या तसबिरी संसद भवनातून उतरविल्या. हा इतिहास पुसण्याचा प्रकार आहे, अशी ओरड अशा वेळी नेहमीच होते. क्रिस्प यांच्यापुरता आक्षेप विचार करण्याजोगा आहे. युद्धात ते कोवळ्या वयाचे सैनिक होते आणि सभापती झाले ते १८९१ साली. पण तसबीर काढल्याने सभापतींच्या यादीतून कोणाचेच नाव जात नाही.

तसबीर नुसती शोभेची असते काय? टेनेसी राज्यातील पुलास्की गावचे उदाहरण पाहावे. कू क्लक्स क्लॅन ही संघटना जन्मली ते हेच गाव. तेथील न्यायालयात पंच (ज्युरी) निकालाचा विचार करण्यासाठी ज्या खोलीत बसत, तिच्यात कॉन्फेडरेट ध्वज आणि डेव्हिस यांची तसबीर लावलेली होती. एका कृष्णवर्णीय आरोपीला गोऱ्या पंचांनी तेथे बसून दोषी ठरविले. डिसेंबर २०२१ मध्ये अपील न्यायालयाने खटला नव्याने चालविण्याचा हुकूम दिला. त्यास आणखीही एक कारण होते. पण त्या खोलीचा पंचांच्या मनावर परिणाम झाला नाही, हे सरकार पक्षाला दाखविता आले नाही, हे मुख्य. संग्रहालयात तीच तसबीर माहिती देते. न्यायाच्या खोलीत ती जणू पंचांच्या रांगेत बसते. आम्हास हा फरक फार मोलाचा वाटतो.

वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीच्या ग्रंथालयात जनरल रॉबर्ट ली यांचे कॉन्फेडरेट गणवेशातील भव्य चित्र १९५२ पासून होते. त्यात मागे त्यांचा घोडा धरून चालणारा गुलाम दाखविला आहे. २०२२ च्या अखेरीस ते चित्र काढण्यात आले आणि २०२५ मध्ये पुन्हा लावण्यात आले. त्या ग्रंथालयात अभ्यासाला बसणाऱ्यांत कृष्णवर्णीय मुले-मुलीही आहेत.