ताडकळसच्या फळ्यावर ध्रुवाकडचं अंतर

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर लाँगयिअरबायन आणि न्यू-ऑलेसुन असे दोन विमानतळ आहेत. पहिल्यावर नियमित प्रवासी विमानं उतरतात. दुसऱ्यावर खडीची धावपट्टी आणि छोटी विमानं. न्यू-ऑलेसुनला २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे. ते चालवतं गोव्यातल्या वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. आपले शास्त्रज्ञ लाँगयिअरबायनहूनच तिथे जातात, म्हणून ताडकळसच्या शाळेत दहावीच्या मुलांसोबत बसलो तेव्हा या दोन विमानतळांमधलं अंतर काढायला घेतलं.

आधी पृथ्वीगोल आणि दोरा. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर, म्हणजे त्यावरचा एक सेंटिमीटर सुमारे ४२५ किलोमीटरचा. दोन्ही गावं एकाच ठिपक्याखाली गेली. दोरा बाजूला ठेवून खडू घेतला.

फळ्यावर अक्षांश मांडले: ७८.२५ आणि ७८.९३. फरक ०.६८ अंश. एका अंशाला १११ किलोमीटर धरून उत्तर-दक्षिण अंतर आलं साधारण ७५.५ किलोमीटर. मग रेखांश: १५.४७ आणि ११.८७. फरक ३.६ अंश. मुलांनी पुन्हा १११ ने गुणून ‘चारशे!’ म्हणून टाकलं.

चूक इथेच होते. पुन्हा दोरा घेतला आणि गोलावरच्या एकमेकांपासून १५ अंशांवरच्या दोन रेखावृत्तांमधलं अंतर मोजलं. विषुववृत्तावर ते चार सेंटिमीटरला जरा कमी भरलं, ७५ अंशांवर जेमतेम एक. ‘सर, वर सगळ्या रेघा एकाच जागी येऊन मिळतात की!’ मागच्या बाकावरून आवाज आला. म्हणूनच रेखांशाच्या अंतराला त्या जागेच्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. दोन्ही अक्षांशांच्या मधल्या ७८.६ अंशांचा कोसाइन ०.१९८. चारशेचे उरले ७९ किलोमीटर. आता काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू हातात आल्या. कर्ण निघाला १०९ किलोमीटर.

तेच ३.६ अंश ताडकळसच्या अक्षांशावर पश्चिमेला मोजले तर सुमारे ३७७ किलोमीटर होतात. म्हणजे थेट मुरबाडच्या आसपास.

मात्र अंतर मोठं असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण पृथ्वीचा बाक आडवा येतो. तिथे दोराच कामाचा. अलास्कातल्या उत्क्याग्विकपासून नॉर्वेच्या ट्रोम्सोपर्यंत तो ताणून धरला, तर आसाच्या खिळ्याला घासून गेला आणि भरला दहा सेंटिमीटरच्या वर. म्हणजे सुमारे ४,३४० किलोमीटर. ट्रोम्सोचं अक्षवृत्त धरून वळसा घातला असता, तर साडेपंधराच्या वर, म्हणजे ६,६०० किलोमीटरपेक्षा जास्त. ताणलेला दोरा आपोआप बृहद्‌वृत्तावर बसतो, आणि गोलावर तीच सर्वांत जवळची वाट. विमान प्रत्यक्षात वारा, डोंगर आणि हवाई मार्ग पाहून थोडं जास्तच उडतं, पण हिशेबाची सुरुवात इथूनच होते.

भूगोलाच्या पुस्तकातलं रेखावृत्त आणि गणिताच्या पुस्तकातला कोसाइन आपण वेगवेगळ्या तासांना शिकवतो. शिक्षकांनी वर्षातून एकदा तरी ते एकाच फळ्यावर आणावेत. खर्च फक्त दोऱ्याचा.