आधी ओळख, मग दाणा
उपनगरांतील वसंत आणि खिडकीशी येणारे पक्षी

फाल्गुन सरू लागला की मुंबईच्या उपनगरांत वसंताची चाहूल आधी कानांना लागते. बोरिवली आणि मुलुंड यांच्या पाठीशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल उभे आहे. तेथे पळस, सावर आणि पांगारा फुलतात आणि त्या फुलांच्या ओढीने आलेले पक्षी जवळच्या वस्तीतही डोकावतात. घाटकोपर आणि अंधेरीच्या दाट वस्तीत सोसायटीच्या आवारातील एखादा पिंपळ किंवा आंबा त्यांना आसऱ्याला पुरतो. भल्या पहाटे कोकीळ बोलू लागतो, दयाळ शीळ घालतो आणि तांबटाची टुकटुक दुपारपर्यंत थांबत नाही.

पाखरांना दाणा घालणे ही जैन कुटुंबांतील जुनी रीत आहे. गुजरात, कच्छ आणि मारवाडातून व्यापारासाठी मुंबईत आलेल्या घराण्यांनी गावच्या चबुतऱ्याची आठवण बरोबर आणली, आणि दुकान उघडण्यापूर्वी मूठभर ज्वारी पाखरांना घालण्याचा नेम अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. २०२५ च्या जुलैमध्ये महापालिकेने कबुतरखाने बंद करण्याची कारवाई सुरू केली. ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गाजले, तेव्हा ही रीत एकाएकी वादाच्या भोवऱ्यात सापडली. एका बाजूला मुक्या जिवांची भूक होती, दुसऱ्या बाजूला माणसांची फुप्फुसे. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासावाटे सतत आत गेली, तर काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. या वादात एक साधा प्रश्न मात्र मागे राहिला: घातलेला दाणा नेमका कोणाच्या पोटात जातो?

दशवैकालिक सूत्रात ज्ञानाला दयेच्या आधीचे स्थान दिले आहे. खिडकीतल्या दाण्यालाही हाच क्रम लागू पडतो. आलेला पक्षी कोण आहे, तो काय खातो आणि पिल्लांना काय भरवतो, हे कळले तरच दिलेले त्याच्या उपयोगी पडते.

दाणे टिपणारे

कबूतर आणि चिमणी दोघेही दाणे टिपतात, पण त्यांच्या पिल्लांचा आहार अगदी वेगळा असतो. कबुतराच्या अन्नपिशवीत दुधासारखे द्रव्य तयार होते आणि नर-मादी दोघेही ते पिल्लांना भरवतात. त्यामुळे केवळ धान्यावर राहूनही कबुतराची वीण जवळजवळ वर्षभर चालू राहते. चिमणीच्या पिल्लांना मात्र सुरुवातीचे दिवस किडे आणि अळ्या लागतात. धान्याच्या राशीने कबुतरे वाढतात आणि चिमण्या वाढत नाहीत, याचे एक मोठे कारण येथे आहे. चिमणीसाठी थोडी बाजरी किंवा तांदळाची कणी पुरे, तीही लहान तोंडाच्या टांगत्या पात्रात, म्हणजे कबुतराला तेथे बसता येत नाही. त्याबरोबर कुंडीतल्या रोपांवर विषारी फवारणी न करणे हेही चिमणीला दिलेले दानच होय.

चिमणीतील नर-मादी ओळखणे सोपे आहे. नराचा माथा राखाडी असतो आणि गळ्यावर काळा पट्टा असतो; विणीच्या दिवसांत त्याची चोचही काळी होते. मादी फिकट तपकिरी असून तिच्या डोळ्यामागे पिवळसर रेघ दिसते. दरवर्षी २० मार्चला जगभर पाळला जाणारा चिमणी दिवस मूळचा नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराचा. तो २०१० पासून पाळला जातो.

पोपटही धान्याला येतो. ज्याच्या गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी आहे तो नर. मादीला अशी ठळक कंठी नसते. पेरूची फोड त्याला आवडते. त्याला पिंजऱ्यात ठेवणे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

फळांवर येणारे

वड, पिंपळ, उंबर अशा पाच उदुंबर फळांचा त्याग श्रावकाला सांगितला आहे, कारण त्यांच्या आत जीव असतात. वनस्पतिशास्त्रही हेच सांगते: या फळांच्या आत अगदी लहान गांधीलमाश्या वाढतात आणि त्यांच्यामुळेच या झाडांचे परागीकरण होते. श्रावकाने वर्ज्य मानलेले हे फळ वसंतात पक्ष्यांचे मुख्य अन्न ठरते.

तांबट चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा आणि गुटगुटीत असतो. त्याच्या कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका असतो, तर डोळ्यांभोवती आणि गळ्यावर पिवळा रंग. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा त्याचा आवाज येतो. कोकिळांमध्ये गाणारा तो काळा, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी आणि पांढऱ्या ठिपक्यांची असते, म्हणून ती अनेकदा ओळखूच येत नाही. ती आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. राखी धनेशाची मोठी वाकडी चोच आणि लांब शेपटी पाहिली की ओळख पटते. विणीच्या काळात त्याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला जवळजवळ बंद करून घेते आणि नर एका फटीतून तिला फळे भरवतो. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हा कबुतराचाच भाऊबंद. पण पिवळ्या पायांचा हा हिरवट पक्षी जमिनीवर क्वचितच उतरतो आणि फळांवरच जगतो.

या पक्ष्यांसाठी खिडकीत ठेवण्यासारखे फारसे काही नाही. सोसायटीच्या सभेत जुना पिंपळ किंवा उंबर तोडण्याचा विषय निघाला, तर त्या झाडाच्या बाजूने बोलणे हीच त्यांची जीवदया.

मध आणि किडे

हिवाळ्यात जांभळा सूर्यपक्षी मादीसारखाच फिकट पिवळा दिसतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद रेघ असते. वसंत येताच नर झळाळत्या निळ्या-जांभळ्या रंगाचा होतो. कोळ्याच्या जाळ्याने विणलेले त्याचे लोंबते घरटे एखाद्या वायरवरही सापडते. जास्वंदीची एक कुंडी त्याला पुरेशी आहे. साखरेच्या पाण्याची गरज नाही.

दयाळ दाण्याला तोंड लावत नाही, तो किडे खातो. नर काळा-पांढरा, तर मादीच्या काळ्या रंगाच्या जागी राखाडी. हिवाळ्यात जवळजवळ मुका असलेला हा पक्षी वसंतात पहाटे लांबलचक गातो. बुलबुल फळे आणि किडे दोन्ही खातो. लालबुड्या बुलबुलाचे डोके काळे असते, तर शिपाई बुलबुलाला टोकदार तुरा आणि गालावर लाल ठिपका असतो. बुलबुल अनेकदा बाल्कनीतल्या कुंडीतच घरटे बांधतो. अंडी घातल्यापासून पिल्ले उडेपर्यंत साधारण महिना जातो. तेवढे दिवस ती कुंडी हलवू नये आणि घरट्याला हात लावू नये. गुलाबी अंगाची आणि काळ्या डोक्याची पळसमैना मात्र येथे घरटे करत नाही. ती हिवाळ्याची पाहुणी असून वसंताचा मध पिऊन एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे परतते.

सर्वांसाठी पाणी

दाणा सर्वांना लागत नाही, पाणी मात्र प्रत्येकाला लागते. उन्हाळ्याच्या तोंडावर अनेक संघांकडून मातीची कुंडी वाटली जातात; ती योग्य रीतीने वापरली तर मोलाची आहेत. भांडे पसरट असावे, पाणी दोन-तीन बोटे खोल असावे आणि सावलीत ठेवावे. ते रोज घासून पाणी बदलावे. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात, आणि जीवदयेसाठी ठेवलेले भांडेच मग जीवहिंसेचे कारण बनते. फरसाण, गाठिया, बिस्किटे आणि शिळा पाव पक्ष्यांना घालू नये. मीठ आणि तेल त्यांना सोसत नाही. दाणा सकाळी, तासाभरात संपेल एवढाच घालावा, म्हणजे उरलेल्याला कीड लागत नाही. सोसायटीचे नियम आणि शेजारच्या आजारी माणसाची प्रकृतीही ध्यानात घ्यावी.

पाखरांचा रोजमेळ

व्यापारी घराला हिशेबाची सवय असते. तीच सवय येथे उपयोगी पडते. एका वहीत तारीख, वेळ, पक्ष्याचे नाव, संख्या आणि तो काय करत होता, एवढे पाच रकाने पुरेत. घरातील मुलांनी आजी-आजोबांसोबत रोज पंधरा मिनिटे खिडकीशी बसून ते भरावेत. नाव कळले नाही तर रंग, चोच आणि शेपटी टिपून ठेवावी. नाव पुढे सापडते. अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झालेली परसातील पक्ष्यांची गणना अशाच नोंदींवर उभी आहे. भारत २०१३ पासून तीत सहभागी आहे. दरवर्षी फेब्रुवारीतील चार दिवस कोणीही आपल्या खिडकीतून निदान पंधरा मिनिटे पक्षी मोजून नोंद पाठवू शकतो.

गुढीपाडव्याला ही वही सुरू केली, तर महावीर जन्मकल्याणकापर्यंत तिची पहिली पाने भरलेली असतील. वर्षअखेरीस कोणता पक्षी नव्याने जमा झाला आणि कोणता यायचा थांबला हे त्यातून दिसेल, आणि पुढच्या वसंतात दाणा घालावा, पाण्याचे भांडे वाढवावे की एखादे झाड वाचवावे, हे त्या घराला स्वतःच ठरवता येईल.