आमच्या विहिरीवरची हडळ

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

परवा माझी भाची मोबाईलवर सिनेमा पाहत बसली होती. बारावीला आहे. पडद्यावर काळ्या झग्यातला एक पांढराफटक माणूस सुळे दाखवत खिडकीतून आत येत होता. मान वर न करता तिनं विचारलं, "मामू, आपल्या कोकणात व्हॅम्पायर का नाहीत?"

मी म्हटलं, "अगं, त्याला जागा कुठे आहे? पिंपळावर मुंजा, पाणवठ्यावर गिऱ्हा, पडक्या वाड्यात समंध, आडवाटेला चकवा. परदेशातून आलेल्या पाहुण्याला ठेवायचं कुठे?"

ती हसली आणि पुन्हा सिनेमात गुंतली. तिच्या प्रश्नानं मला मात्र बरेच दिवस सोडलं नाही. त्याचं कारण पुढे सांगतो.

श्रोतेहो, कोकणातल्या भुतांना एक शिस्त आहे. कोणीही मेला आणि वाटेल ते भूत झाला, असं इथे चालत नाही. मुंज झाली पण लग्नाआधी गेला, तो मुंजा. पाण्यात बुडून मेला, तो गिऱ्हा. जमीनजुमल्यात जीव अडकलेला आणि मागे क्रियाकर्म करायला कोणी नसलेला, तो समंध. नवरा मागे ठेवून गेलेली सवाष्ण ती जखीण. बाळंतपणात गेलेली ती हडळ किंवा अलवंत. आणि आम्हा मुसलमानांच्या वाट्याला आला खवीस! हा शब्द अरबी 'खबीस'वरून आलेला, अर्थ दुष्ट, अपवित्र. मेल्यावरही जातीचा दाखला लागतो, तो असा.

विनोद बाजूला ठेवून ही यादी पुन्हा वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. नातवंडांच्या गराड्यात, आपल्या अंथरुणावर, पिकल्या वयात गेलेल्या माणसाचं भूत सहसा होत नाही. भूत होतं ते अकाली गेलेल्याचं. कुणाचं लग्न राहिलं, कुणाचं मूल मागे राहिलं, कुणाला समुद्रानं नेलं. माणूस का गेला, हे ज्या मरणात कुणाला सांगता येत नाही, तिथे भूत उभं राहतं.

ही माहिती शंभर वर्षांपूर्वीच कागदावर उतरली आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन हा संस्कृत जाणणारा, लोकांच्या चालीरीतींचा शौकीन. त्यानं लोकसमजुतींची माहिती गोळा करायला घेतली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात त्याच्यावर गोळी झाडली ती अनंत कान्हेरे या तरुणानं, आणि तो आमच्याच जिल्ह्यातल्या खेड तालुक्याचा. जॅक्सननं जमवलेल्या माहितीतून पुढे एन्थोव्हेन या अधिकाऱ्यानं पुस्तकं तयार केली. त्यांतलं कोकणचं पुस्तक १९१५ सालचं. त्यातली बरीच उत्तरं गावोगावच्या शाळामास्तरांनी कळवलेली आहेत. दिवसा मुलांना पाढे शिकवणारे मास्तर संध्याकाळी कंदिलाशी बसून सरकारला हडळीची माहिती लिहीत आहेत, हे चित्र मला फार आवडतं.

आता व्हॅम्पायरकडे वळू. या शब्दाची आणि आपली गाठ एकदा पडली, ती एका भाषांतरात. रिचर्ड बर्टन या इंग्रजानं १८७० साली वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाच्या नावात वेताळाला सरळ 'व्हॅम्पायर' करून टाकलं. पुढे १८९७ साली 'ड्रॅक्युला' लिहिणारा ब्रॅम स्टोकर या बर्टनला भेटला होता. बोलताना बर्टनचा सुळा कसा चमकायचा, याची आठवण त्यानं लिहून ठेवली आहे.

पण आपला वेताळ आणि तो व्हॅम्पायर यांचं गोत्र एक नाही. वेताळ मुडद्यात शिरतो हे खरं. मात्र शिरून करतो काय? राजाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगतो आणि शेवटी न्यायाचा प्रश्न विचारतो. आमच्या पिढीला तो भेटला 'चांदोबा'त. खांद्यावर प्रेत, हातात तलवार आणि पुढे चालणारा विक्रम, हे चित्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही. कोकणात तर वेताळ देव झाला. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत आमच्याच जिल्ह्यातला. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, फिरून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा आणि केळ्यांचे घड वाहतात. ज्याला साहेबानं रक्तपिपासू ठरवलं, तो इथे केळी खाऊन पहारा देतो!

युरोपातला व्हॅम्पायर जन्मला तो निराळ्या मातीत. १७२५ साली सर्बियातल्या किसिलेवो गावात एक शेतकरी मेला आणि त्याच्यामागोमाग आठवड्याभरात नऊ माणसं गेली. गावकऱ्यांनी त्याची कबर उकरली. प्रेत ताजं दिसलं, तोंडाला रक्त दिसलं. त्यांनी छातीत लाकडी खुंटी ठोकली आणि प्रेत जाळलं. काही वर्षांनी तिकडच्याच मेद्वेजा गावात असाच प्रकार झाला. तेव्हा ऑस्ट्रियाच्या लष्करी डॉक्टरांनी कबरी उघडून अहवाल लिहिला. १७३२ मध्ये तो युरोपभर छापला गेला, आणि 'व्हॅम्पायर' हा शब्द इंग्रजीत रुळला तो त्याच सुमारास.

त्या लोकांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं. थंड जमिनीत प्रेत हळू कुजतं. आत वायू साठून पोट फुगतं, त्यामुळे मेलेला माणूस खाऊनपिऊन धष्टपुष्ट झाल्यासारखा वाटतो. तोच दाब लालसर द्रव तोंडावाटे बाहेर ढकलतो. कातडी आकसते, म्हणून नखं आणि दात वाढल्यासारखे दिसतात. खुंटी मारली की वायू सुटतो, आणि प्रेत ओरडल्याचा भास होतो. डोळ्यांनी पाहिलेलं खरं होतं, चुकला तो अर्थ. गावात साथ होती. दोष गेला कबरीतल्या माणसाकडे.

आम्ही मुसलमानही दफन करतो. मग आमच्यात व्हॅम्पायर का झाला नाही? मला वाटतं, एकदा माती दिली की कबर पुन्हा उघडायची नाही, हा आमचा दंडक. तिथे कबर उघडली गेली, म्हणून व्हॅम्पायर सापडला. आणि जिथे प्रेत जाळतात तिथे तर भुताला देहच उरत नाही. ते झाडात, विहिरीत, वाऱ्यात राहतं.

पण दोन्ही मुलखांना सांधणारा एक धागा आहे. मेलेल्यानं घरी परत येऊ नये म्हणून युरोपात काही ठिकाणी वाटेवर खसखस किंवा बाजरीसारखं बारीक धान्य टाकायचे. तो एकेक दाणा मोजत बसेल, तेवढ्यात उजाडेल, ही अटकळ. आपल्याकडे बाळंतिणीचं प्रेत नेताना मागे मोहरी किंवा राळे टाकत जायचे. सगळे दाणे वेचल्याशिवाय तिला परत येता येऊ नये. हजारो कोसांवरच्या दोन माणसांना एकच युक्ती सुचली, कारण भीती एकच होती.

फरक इतकाच की तिकडे ही युक्ती गावाला छळणाऱ्या कुणासाठी होती. इकडे कालपर्यंत याच घरात वावरलेल्या, नऊ महिने पोट सांभाळलेल्या पोरीसाठी. आता आमच्या घरची गोष्ट सांगतो.

१९७७ चा पावसाळा. आमचं गाव खाडीपलीकडे, पूल अजून व्हायचा होता. माझी फुफी दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती, सोबत तीन वर्षांची मुलगी. मी शाळकरी पोर. फुफीचे पाय इतके सुजले होते की तिच्या सपाता तिच्या पायात जाईनात. दादीनं आपल्या दिल्या. तीन दिवस तिचं डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. चौथ्या रात्री तिला झटके आले. दातखीळ बसली, डोळे फिरले.

घरात एकच शब्द झाला: असर. तिन्हीसांजेला विहिरीवर गेली होती, तिथेच काहीतरी लागलं. कोणी तावीज बांधणाऱ्याला आणायला धावलं. शेजारच्या काकूंनी देवाचा अंगारा आणला. धूप झाला, दम केलेलं पाणी झालं. सगळे जीव तोडून धडपडत होते, त्यात वाईट कोणी नव्हतं. उजाडल्यावर बघू असं ठरलं, आणि उजाडायच्या आत फुफी गेली, पोटातल्या बाळासकट. माझे वडील त्यानंतर तीस वर्षं जगले. त्या रात्रीबद्दल ते मला एकदाच बोलले. म्हणाले, "होडीवाला जागा होता."

फुफीचा चाळिसावा होतो न होतो तोच गावात कुणाला भर दुपारी विहिरीवर केस सोडलेली बाई दिसली. मग तिचे पाय उलटे झाले. मग ती रात्री बाळाला हाका मारू लागली. फुफीची मुलगी आमच्याच घरी वाढली. लग्न होऊन जाईपर्यंत ती त्या विहिरीवर एकटी गेली नाही. आई दिसावी म्हणून जिनं जीव टाकला असता, ती आईलाच घाबरत मोठी झाली. व्हॅम्पायरचा सिनेमा पाहणारी माझी भाची ही तिचीच मुलगी.

पुढे एका डॉक्टर मित्राला मी हे सगळं सांगितलं. अंगावर सूज, डोकेदुखी, अंधारी, मग झटके. त्यानं मध्येच थांबवलं आणि म्हणाला, "हा रोग आहे." गर्भारपणात वाढलेल्या रक्तदाबाचा. दाब वेळेवर मोजला तर तो आधीच ओळखता येतो. झटके आलेच तर मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन आहे, आणि बाळंतपण लवकर उरकावं लागतं. त्या काळात सगळ्याच वाचल्या असत्या असं नाही. पण खाडीपलीकडे निदान दवाखाना होता.

मला कळलं ते एवढंच. हडळीची गोष्ट आम्हाला सोयीची होती. फुफीला विहिरीनं नेलं म्हटलं की उशीर कुणी केला, हा प्रश्न उरत नाही. सर्बियातल्या गावानं कबर उकरली, आम्ही विहीर झपाटली. खरं कारण दोन्हीकडे मोकळं सुटलं आणि पुढच्या बळीची वाट पाहत बसलं.

ऑस्ट्रियाच्या महाराणी मारिया तेरेसानं १७५५ साली आपले वैद्य फान स्वीटन यांच्याकडून या प्रकारांचा छडा लावून घेतला आणि कबरी उकरण्यावर बंदी घातली. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अशाच कायद्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा संमत केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं, हा आता गुन्हा आहे. नमाज, पूजा, प्रार्थना यांना या कायद्यानं हात लावलेला नाही, हेही सांगायला हवं. ज्याला दुआ मागायची त्यानं मागावी, अंगारा लावायचा त्यानं लावावा. पण आधी १०८ ला फोन करावा. दुआ गाडीत बसूनही मागता येते.

आणि भुतांच्या गोष्टी? त्या सांगाव्यात. पावसाळ्यात वीज गेली की मीही सांगतो. त्या आपल्या भाषेचं धन आहेत. फक्त आपल्या घरातून अकाली गेलेल्या माणसाला त्या गोष्टीत ढकलू नये.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. मोबाईल बाजूला ठेवून ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मामू, नानी दिसायला कशी होती?"

मी थांबलो. इतक्या वर्षांत हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. माझी फुफी हसताना तोंडावर ओढणीचं टोक धरायची. भरलेली घागर घेऊनही भरभर चालायची. तिला पेरू आवडायचे, तेही कच्चे. आम्ही तिला विहिरीवर इतकी वर्षं उभी करून ठेवली, की ती कशी होती हे सांगायचंच राहून गेलं.