मधले छत्तीस तास

ओएसटी, म्हणजे नशेच्या जागी पर्यायी औषध देणाऱ्या, केंद्रात सकाळी औषध देण्याची पद्धत ठरलेली असते. नर्स ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या कुटून त्यांची पूड करते, ती पेशंटच्या जिभेखाली घालते आणि पूर्ण विरघळेपर्यंत त्याला समोर बसवून ठेवते. गोळी गिळली तर तिचा बराचसा भाग यकृतातच मोडून जातो आणि परिणाम फार थोडा होतो. खिशात घालून नेली तर ती भलत्याच्या हाती लागते, किंवा पाण्यात विरघळवून सिरिंजमध्ये भरली जाते. गर्दची, म्हणजे हेरॉइनची, सुई टोचणाऱ्यांमध्ये एचआयव्ही पसरू नये म्हणून ‘नाको’ने (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने) ही केंद्रं देशभर उभी केली. 2012 पासून मोजक्या केंद्रांमध्ये मेथाडोनचं पातळ औषधही मिळू लागलं.

गर्दची ओळख महाराष्ट्राला अनिल अवचटांच्या लेखनातून ऐंशीच्या दशकातच झाली. त्याच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या औषधांबद्दल मात्र मराठीत अजून फार कमी बोललं जातं. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात ओपिऑइड वापरणारे सुमारे 2.26 कोटी लोक आहेत, आणि त्यांपैकी सुमारे 77 लाखांना मदतीची गरज आहे. गर्द, अफू, कोडीनचं कफ सिरप, ट्रॅमाडॉलच्या गोळ्या हे सगळं यात आलं. यातले जे उपचारापर्यंत पोचतात, त्यांच्या घरून एक प्रश्न हमखास येतो: हे औषध बदलून दुसरं देता येईल का?

देता येतं. पण एकावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये किती वेळ सोडायचा, हे औषधाच्या निवडीइतकंच महत्त्वाचं असतं, आणि घरच्या घरी केलेले बदल बहुतेक वेळा इथेच फसतात.

औषधं मुख्यतः तीन. मेथाडोन जर्मनीत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास वेदनाशामक म्हणून तयार झालं. व्हिन्सेंट डोल आणि मेरी नायस्वँडर यांनी 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ते हेरॉइनच्या रुग्णांना द्यायला सुरुवात केली. मेंदूतल्या ओपिऑइड रिसेप्टरना ते हेरॉइनसारखंच पूर्ण चेतवतं, पण सावकाश आणि दिवसभर. त्यामुळे झिंग येत नाही आणि टर्कीही लागत नाही. (टर्की म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, वस्तीतला गर्दवाला हाच शब्द वापरतो.) दुसरं ब्युप्रेनॉर्फिन. इंग्लंडमधल्या हल शहरात 1966 मध्ये जॉन लुईस यांच्या चमूने ते बनवलं. ते रिसेप्टरना घट्ट धरतं, पण अर्धवटच चेतवतं. एका मर्यादेनंतर डोस वाढवला तरी श्वास मंदावण्याचा परिणाम तेवढा वाढत नाही, म्हणून मेथाडोनपेक्षा ते सुरक्षित मानलं जातं. तिसरं नाल्ट्रेक्सोन. ते रिसेप्टर नुसतं अडवून धरतं, चेतवत मुळीच नाही. वर कोणी गर्द ओढली तरी तिचा असर होत नाही.

मेथाडोनवरून ब्युप्रेनॉर्फिनवर जायची कारणं खरी असतात. मोठ्या डोसमध्ये मेथाडोनमुळे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. ईसीजीवर ‘क्यूटी’ लांबलेला दिसतो. काहींना दिवसभर गुंगी राहते. काहींना रोज केंद्रावर येणं नोकरीमुळे जमत नाही. पण या बदलातच मोठा सापळा आहे. रिसेप्टरवर मेथाडोन बसलेलं असताना ब्युप्रेनॉर्फिन आलं, तर आपल्या घट्ट पकडीच्या जोरावर ते मेथाडोनला हुसकावतं आणि त्या जागी स्वतः निम्म्याच ताकदीने काम करतं. शरीराला एवढंच कळतं की आधार एकाएकी काढून घेतला. तासाभरात उलट्या, जुलाब, घाम, हाडांत ठणका आणि जीव थाऱ्यावर न राहण्याइतकी अस्वस्थता सुरू होते. नशा आपोआप उतरताना हेच टप्प्याटप्प्याने होतं, इथे सगळं एकदम अंगावर येतं. यात सहसा जीव जात नाही, पण माणूस उपचारावरून उठून जातो. ‘ही गोळी मला सोसत नाही’ म्हणतो आणि पुन्हा गर्दकडे वळतो. चूक गोळीची नसते, वेळेची असते. पण हे त्याला त्या अवस्थेत कोण समजावणार?

म्हणून रुळलेली पद्धत अशी: मेथाडोन हळूहळू उतरवत दिवसाला 30 ते 40 मिलिग्रॅम किंवा त्याखाली आणायचं. मग शेवटच्या डोसनंतर निदान 24 ते 36 तास थांबायचं, कधी त्याहून जास्त. मेथाडोन कुणाच्या शरीरात किती रेंगाळेल, याचा भरवसा नसतो. एकाच्या शरीरातून निम्मं औषध 8 तासांत जातं, दुसऱ्याला 59 तास लागतात. त्यामुळे नुसत्या घड्याळावर भागत नाही, पेशंटकडे बघावं लागतं. त्यासाठी ‘काऊज’ नावाचा 11 लक्षणांचा तक्ता आहे: नाडी, घाम, अस्वस्थता, बाहुल्यांचा आकार, हाडांचं दुखणं, वाहतं नाक, पोटाच्या तक्रारी, हातांचा कंप, जांभया, चिडचिड, अंगावरचा काटा. एकूण गुण 48. साधारण 13 गुणांच्या पुढे त्रास दिसू लागला, की पहिला छोटा डोस, 2 ते 4 मिलिग्रॅम, द्यायचा आणि समोर बसवून ठेवायचं. म्हणजे पेशंटला आपण सांगत असतो, की आधी थोडी टर्की लागू दे, मग औषध देतो. या आजारात यापेक्षा अवघड मागणी नाही. ती करणाऱ्याने निदान त्या वेळात त्याच्याजवळ थांबलं पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

टर्कीची ही वाट बघणं टाळण्याचा एक मार्ग स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या डॉक्टरांनी 2016 मध्ये मांडला. आधीचं ओपिऑइड चालू ठेवूनच ब्युप्रेनॉर्फिन अगदी कणाकणाने, 0.2 मिलिग्रॅमपासून सुरू करायचं, रोज थोडं वाढवायचं, आणि पुरेशी मात्रा झाली की पहिलं थांबवायचं. उत्तर अमेरिकेत फेंटानिल नावाचं ओपिऑइड पसरल्यावर ही पद्धत झपाट्याने वापरात आली. फेंटानिल चरबीत साठतं आणि हळूहळू बाहेर पडत राहतं, त्यामुळे नेहमीच्या थांबण्याने काम होईना. पण इतके बारीक डोस मोजणं आणि रोजचा हिशेब ठेवणं घरी एकट्याने होण्यासारखं नाही.

आपल्याकडे टीबीचाही विचार करावा लागतो. टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन यकृताला मेथाडोन भराभर मोडायला लावतं. कालपर्यंत पुरणारा डोस पुरेनासा होतो आणि पेशंट पुन्हा टर्कीत जातो. त्याचा असर ब्युप्रेनॉर्फिनवरही होतो, त्यामुळे नुसतं औषध बदलून ही अडचण सुटत नाही. डोस वाढवावा लागतो, आणि टीबीचा कोर्स संपला की तो काळजीपूर्वक उतरवावाही लागतो. तसं केलं नाही तर तोच वाढवलेला डोस आता जास्त ठरतो आणि श्वास मंदावतो. टीबीच्या डॉक्टरला व्यसनाच्या औषधाची आणि व्यसनाच्या डॉक्टरला टीबीची माहिती नसणं, यासारखी टाळता येण्याजोगी गोष्ट दुसरी नाही.

उलट दिशेने, ब्युप्रेनॉर्फिनवरून मेथाडोनवर जाताना टर्कीची वाट बघावी लागत नाही. शेवटच्या डोसनंतर साधारण 24 तासांनी मेथाडोन सुरू होतं. इथे धोका घाईचा आहे. मेथाडोन शरीरात साचत जातं. पहिल्या दिवशी पुरला नाही असं वाटणारा डोस चौथ्या-पाचव्या दिवशी घातक ठरू शकतो, त्यात दारू किंवा अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या असतील तर अधिकच.

कुटुंबांना सगळ्यांत जास्त हवंसं वाटतं ते नाल्ट्रेक्सोन. त्यात नशेचा अंश नाही, म्हणून ते ‘स्वच्छ’ वाटतं. पण ते सुरू करायला शरीर ओपिऑइडमुक्त लागतं: गर्द सोडून 7 ते 10 दिवस, मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन सोडून दोन आठवड्यांपर्यंत. या रिकाम्या दिवसांत माणूस कशाच्याही आधाराशिवाय असतो. अमेरिकेत 570 रुग्णांवर झालेल्या आणि ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात ब्युप्रेनॉर्फिन ठरवून दिलेल्यांपैकी 94 टक्क्यांचा उपचार सुरू होऊ शकला, नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन ठरवून दिलेल्यांपैकी 72 टक्क्यांचाच. ज्यांचा उपचार सुरू झाला, त्यांच्यात पुढे दोन्ही औषधं साधारण सारखीच ठरली. म्हणजे दोष औषधाचा नाही, मधल्या दिवसांचा आहे. त्या दिवसांत शरीराची सवयही मोडलेली असते. पूर्वी पचणारी गर्दची पुडी आता जीव घेऊ शकते. उपचार सोडल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत मृत्यूचं प्रमाण विशेष वाढतं, ते बरंचसं यामुळेच.

म्हणून चांगलं चाललेलं औषध केवळ ‘अजून किती दिवस?’ या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या प्रश्नापायी बदलू नये. मुलगा कामाला जातोय, रात्री घरी झोपतोय, सुई सुटली आहे, तर ते औषध आपलं काम करतं आहे. मधुमेहाच्या गोळीबद्दल हा प्रश्न आपण विचारत नाही.

बदलायचंच असेल, तर डॉक्टरांकडे जाताना सध्याच्या औषधाचं नाव, रोजचा डोस, शेवटचा डोस नेमका कधी घेतला, मध्ये गर्द किंवा इतर गोळ्या घेतल्या का, आणि टीबी, एचआयव्ही किंवा फिट्सची औषधं चालू आहेत का, हे सगळं लिहून न्यावं. गर्द घेतली असेल तर तेही लपवू नये. पहिल्या डोसची वेळ त्यावरच ठरते. बदलाच्या दिवसांत घरचं कोणीतरी सोबत असावं. माणूस हलवूनही उठत नसेल, श्वास तुटक येत असेल, ओठ निळसर झाले असतील, तर सकाळची वाट न बघता 108ला फोन करावा आणि तो काय घेतो ते रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. ओपिऑइडचा असर उतरवणारं नॅलॉक्सोन वेळेत मिळालं तर श्वास परत येतो. मेथाडोनचा असर मात्र त्यापेक्षा जास्त काळ टिकतो, म्हणून डोळे उघडले तरी त्याला घरी आणायची घाई करू नये. जवळचं उपचार केंद्र माहीत नसेल, तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 या क्रमांकावर आहे.