ढाली-चषकांनी कॉलेजचे दार उघडते का?

आपल्या समाजातील बहुतेक घरांत आता एक जाड फाईल असते. पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाशेजारी ती जपून ठेवलेली असते. निबंध स्पर्धा, वक्तृत्व स्पर्धा, रंगभरण, सामान्यज्ञान, कबड्डी, धावणे अशा कितीतरी प्रशस्तिपत्रांनी ती फुगलेली असते. रहिमतपूर आणि आसपासच्या गावांतील पालक, मग ते शेतमजूर असोत, गवंडी असोत की सफाई कामगार, ही फाईल घेऊन आमच्याकडे येतात आणि विचारतात, "साहेब, एवढी सर्टिफिकिटं आहेत पोरीकडं. चांगल्या कॉलेजात ॲडमिशनला उपयोग होईल ना?"

या प्रश्नाचे खरे उत्तर पालकांना कोणी देत नाही. शाळा देत नाही, क्लासवाले तर मुळीच देत नाहीत. म्हणून आम्ही ते येथे हिशेबासह मांडत आहोत.

बहुतेक दारांवर फाईल कोणी उघडत नाही

प्रथम कटू सत्य सांगतो. डॉक्टर व्हायचे असेल तर 'नीट' परीक्षेतील गुण आणि क्रमांक पाहिले जातात. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा सांगलीचे वालचंद महाविद्यालय हवे असेल तर सीईटी किंवा जेईईचे गुण पाहिले जातात. तेथील गुणवत्ता यादीत वक्तृत्वाच्या पहिल्या क्रमांकाला एकही गुण नाही. बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळाले तरी त्यांनी सीईटीचा क्रमांक वर सरकत नाही.

अकरावीचेही तसेच आहे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाईन पद्धतीने होऊ लागले. पूर्वी मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरती असलेली पद्धत त्या वर्षापासून आपल्या गावापर्यंत पोहोचली. संगणक दहावीचे गुण, राखीव प्रवर्ग आणि पसंतीक्रम पाहतो. तो ढाल पाहत नाही.

मग गुण कोठे मिळतात?

दहावीच्या निकालातच काही स्पर्धांचे मोल मिळते आणि नेमके तेच आपल्या मुलांच्या हातून निसटते. शासनाच्या कला संचालनालयाची इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा आहे. तिच्यातील श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळत आले आहेत: 'अ' श्रेणीला ७, 'ब' ला ५ आणि 'क' ला ३. मान्यताप्राप्त शालेय क्रीडा स्पर्धांत चमकणाऱ्या खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीनुसार जास्तीत जास्त २५ गुण मिळतात. शास्त्रीय कला व लोककला यांनाही अशी सवलत आहे.

आता हिशेब करू. दहावीचा निकाल उत्तम पाच विषयांच्या ५०० गुणांवर धरला जातो. ७ गुण म्हणजे १.४ टक्के. २५ गुण म्हणजे पूर्ण ५ टक्के. २०२५ साली राज्यात २११ विद्यार्थ्यांना १०० टक्के मिळाले. टोकाला इतकी दाटी असते, तेथे दीड टक्क्याने मुलगा यादीत कितीतरी जागा वर किंवा खाली जातो.

परंतु हे गुण आपोआप मिळत नाहीत. शाळेने ठरलेल्या मुदतीत मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. खेळाचे प्रमाणपत्र जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून तपासले जाते. मुलगी मैदानात घाम गाळते, बाप रोज बुडवून तिला स्पर्धेला घेऊन जातो आणि कागद मात्र शाळेच्या कपाटात पडून राहतो! पालकांनो, दहावीच्या वर्षी स्वतः शाळेत जाऊन विचारा, "आमच्या मुलीचा प्रस्ताव गेला का? त्याची पोच दाखवा." हे विचारणे म्हणजे भांडण नव्हे, तो तुमचा हक्क आहे. नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीचे परिपत्रकही मागून पाहा.

खेळाडूंसाठी आणखी एक गोष्ट. ठरावीक पातळीवर प्रावीण्य मिळवलेल्या खेळाडूंना राज्य शासनाच्या नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे. त्यामुळे खरे क्रीडा प्रमाणपत्र कॉलेजनंतरही कामाला येते. मात्र पैसे घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका. पडताळणीत ते उघडे पडते आणि मुलाच्या आयुष्याचे नुकसान होते.

सगळी 'ऑलिंपियाड' सारखी नसतात

शाळाशाळांतून खासगी कंपन्या 'ऑलिंपियाड' नावाच्या परीक्षा घेतात. शुल्क, पुस्तके, सराव-संच असे करत एका मुलामागे बराच पैसा जातो. शेवटी पदक मिळते. त्या पदकाला आयआयटीत, मेडिकलला किंवा अकरावीला काहीही किंमत नाही. मुलाला सराव म्हणून आवडत असेल तर गोष्ट वेगळी. पण उसनवारी करून हे शुल्क भरू नका.

खरी ऑलिंपियाड वेगळी. मुंबईच्या मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र त्या मालिकेचे काम पाहते. गणिताच्या राष्ट्रीय पातळीवर गौरवलेल्या मुलांना कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत लेखी परीक्षेतून सूट देऊन थेट मुलाखतीला बोलावले जाते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटही या यशाची दखल घेते. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी आणि २०२५-२६ पासून कलावंतांसाठी प्रत्येक बी.टेक. शाखेत दोन जादा जागा ठेवल्या, त्यांतील एक मुलीसाठी. पण तेथेही जेईई ॲडव्हान्सच्या यादीत नाव असावेच लागते. म्हणजे पुरस्काराने दार उघडले तरी उंबरठ्यापर्यंत अभ्यासानेच चालत जायचे आहे.

काही जुनी नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ नंतर थांबली आणि किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये गुंडाळली गेली. त्यांच्या नावावर कोणी क्लासची फी मागत असेल तर सावध राहा.

जेथे फाईल वाचली जाते

अमेरिकेतील नामवंत कॉलेजे आणि आपल्याकडील अशोका विद्यापीठासारख्या काही खासगी संस्था गुणांबरोबर मुलाचे इतर कामही पाहतात. अमेरिकेतील शेकडो कॉलेजांना चालणाऱ्या 'कॉमन ॲप' या सामाईक अर्जात ५ पुरस्कार आणि १० उपक्रम लिहिण्याची सोय आहे. त्या उपक्रमांच्या यादीत पगारी काम आणि घरची जबाबदारी यांनाही जागा आहे. सुट्टीत मजुरीला जाणारा मुलगा, धाकट्या भावंडांना सांभाळून स्वयंपाक करणारी मुलगी हे तेथे अभिमानाने लिहू शकतात. आपली मुले ज्याची लाज बाळगतात, तेच तेथे कर्तबगारी म्हणून वाचले जाते. मात्र या संस्थांचा खर्च प्रचंड असतो. शिष्यवृत्ती किती मिळेल हे लेखी कळल्याशिवाय पाऊल टाकू नये.

पैसा देणाऱ्या परीक्षा

कष्टकरी कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत मोलाच्या स्पर्धा म्हणजे शिष्यवृत्तीच्या. आठवीतील 'एनएमएमएस' परीक्षा शासकीय, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांसाठी आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असावे लागते. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये. दहावीला ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्तीतून अकरावी-बारावीला दरमहा ३०० रुपये, वर्षातील १० महिने मिळतात. रक्कम छोटी वाटेल, पण एसटीचा पास आणि वह्या यांना तिचा आधार होतो. दहा खासगी पदकांपेक्षा ही एक परीक्षा भारी आहे.

१९०७ चा एक सत्कार

सातारच्या शाळेत शिकलेला भीमराव पुढे मुंबईत १९०७ साली मॅट्रिक झाला. गुण ७५० पैकी २८२. आजच्या हिशेबाने चाळीस टक्केही नाहीत. त्याच्या अभिनंदनासाठी सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. त्या सत्काराने एकही गुण वाढला नाही. परंतु केळुसकर गुरुजी सभा संपली म्हणून घरी जाऊन गप्प बसले नाहीत. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ साली बाबासाहेब बी.ए. झाले, १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. सत्कार सार्थ झाला तो त्यामागे उभ्या राहिलेल्या माणसामुळे.

आता आपण काय करायचे?

आपल्या वस्त्यांवर होणारे गुणगौरव समारंभ चालू राहावेत. पाठीवरची थाप मुलाला बळ देते आणि व्यासपीठावर बोलण्याचे धाडस मुलाखतीत उपयोगी पडते. पण ढालींच्या खर्चातून थोडा पैसा बाजूला काढून त्याच मंडपात एक टेबल मांडावे. तेथे नोकरदार बंधू-भगिनींनी बसावे आणि प्रत्येक मुलाचे कागद तपासावेत.

कारण आपल्या मुलांची जागा जाते ती पदक नसल्याने नव्हे, कागद नसल्याने. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. अकरावी विज्ञानात प्रवेश घेताच कॉलेजमार्फत साताऱ्याच्या समितीकडे अर्ज करावा, बारावीच्या निकालाची वाट पाहू नये. १९९० च्या कायद्यातील दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलतीही मिळाल्या, पण केंद्रीय संस्थांसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधारला जोडलेले बँक खाते ही तयारी मे महिन्यातच झाली पाहिजे. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरील अर्ज मुदतीत भरला पाहिजे.

मुलांनी स्पर्धेत जरूर उतरावे. चित्र काढावे, कबड्डी खेळावी, भाषण करावे, कारण त्याने माणूस घडतो. परंतु कोणत्या कागदाला गुण आहेत, कोणत्याला पैसे आहेत आणि कोणता केवळ भिंतीवर लावण्यासाठी आहे, हे आईबापांना ठाऊक हवे. ज्याला हे ठाऊक आहे त्याने शेजारच्या दोन घरांना सांगावे, एवढीच आमची विनंती आहे.